आधी भाडेकरू ठरवा, मग घर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेले एक गृहस्थ, वय 51, मुलगा पुण्याला नोकरीला. हाताशी 25 लाख आहेत. आणखी 25 लाख कर्ज काढून गंगापूर रोडला बांधकाम चालू असलेला 50 लाखांचा टू बीएचके घ्यावा आणि भाड्याने द्यावा, असा विचार आहे. भाड्यातून हप्ता निघेल का, भाडेकरू घर बळकावणार नाही ना, आणि निवृत्तीनंतर हे सांभाळणं झेपेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: हप्ता निघणार नाही. निम्मासुद्धा निघणार नाही.

मी नाशिकमध्ये 24 वर्षं घरं भाड्याने द्यायचं आणि सांभाळायचं काम करते आहे. सुरुवात वडिलांच्या इंदिरानगरच्या रो हाऊसपासून झाली. आज स्वतःची तीन घरं आणि परगावी किंवा परदेशी गेलेल्या लोकांची अकरा, अशी चौदा घरं माझ्या देखरेखीत आहेत. त्यामुळे खालचे आकडे वहीतून आलेले आहेत, फक्त तुमच्या बजेटला लावून दाखवते.

50 लाखांचा फ्लॅट 50 लाखांना पडत नाही. स्टॅम्प ड्युटी आहे, 30,000 नोंदणी फी आहे. बांधकाम चालू असलेलं घर 45 लाखांच्या वरचं असेल तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे अडीच लाख, वेगळा. (पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही, हे लक्षात ठेवा. नोंदणी वहिनींच्या एकट्या नावावर केली तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सवलत मिळते, तीही सोडू नका.) सगळं धरून 56 लाख समजा. भाडं महिना 15,000 आलं असं धरू. वर्षातला एक महिना रिकामा गेला तर हाती 1,65,000. त्यातून मेंटेनन्स 24,000, घरपट्टी 9,000, रंग आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी बाजूला ठेवायचे 15,000, एजंट आणि करारनामा 9,000. उरले 1,08,000. छप्पन लाखांवर हे दोन टक्केही होत नाहीत. बँकेतली मुदत ठेव यापेक्षा जास्त देते.

आता हप्ता. तुमच्या वयाला बँक 20 वर्षांची मुदत सहसा देत नाही, निवृत्तीचं वय बघते. 25 लाख 10 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता 31,000 च्या आसपास बसतो. म्हणजे चांगला भाडेकरू असतानाही महिन्याला वीसेक हजार पगारातून भरायचे, आणि बांधकाम पूर्ण होईपर्यंत तर भाडं शून्य. करातली सवलत म्हणून लोक सांगतात तीही नीट समजून घ्या. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, कर्जाचं व्याजही वजा होतं. पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत 2 लाखांपर्यंत करता येतो. तुम्ही कोणती प्रणाली निवडली आहे ते आधी पाहा.

मग भाड्यासाठी घर घेऊच नये का? घ्यावं, पण उलट्या टोकाने सुरुवात करून. बहुतेक लोक आधी बिल्डरचं नाव, रस्ता, एलिव्हेशन बघतात आणि घर ताब्यात आल्यावर भाडेकरू शोधतात. मी आधी भाडेकरू ठरवते. नाशिकमध्ये भाड्याने राहतो कोण? सातपूर-अंबडच्या कंपन्यांतला माणूस, ज्याची पहिली पाळी सकाळी सातला लागते आणि ज्याला दुचाकीवर पंधरा मिनिटांत गेटवर पोचायचं असतं. त्याला पाथर्डी फाटा, सिडको, इंदिरानगरचा मागचा भाग लागतो. आडगावला मेडिकल कॉलेजची मुलं आणि निवासी डॉक्टर. म्हसरूळकडे आरोग्य विद्यापीठ आणि दिंडोरी रोडचा परिसर. नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमधले, रेल्वेतले, आणि पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईची नोकरी करणारे, ज्यांना पहाटे स्टेशन जवळ हवं असतं. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यातले. या प्रत्येकाची गरज वेगळी. पाळीच्या माणसाला झाकलेलं दुचाकी पार्किंग आणि दिवसा शांत झोपता येईल अशी खोली हवी. आडगावच्या मुलींना तीन पलंग मावतील अशा खोल्या आणि लोखंडी जाळीचा दरवाजा हवा. गंगापूर रोडला माझ्या अनुभवात घराची किंमत जितकी चढली तितकं भाडं कधीच चढलेलं नाही. तिथे राहायला घर घेणाऱ्याने खुशाल घ्यावं. मी स्वतः तिथे भाड्यासाठी घेतलेलं नाही.

तुम्ही 27 वर्षं अंबडला काढली आहेत असं लिहिलंय. मग तुमच्या शॉप फ्लोअरवरचा नवा इंजिनियर, नाशिकला बदलून आलेला क्वालिटी विभागातला माणूस, हे तुमचे भाडेकरू. त्यांना काय हवं आणि किती परवडतं हे तुम्हाला कुठल्याही एजंटपेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांना हवं तसं जुनं, तयार, पुनर्विक्रीचं वन बीएचके 28 लाखांच्या आत मिळालं, तर खर्चासह 30 लाख होतात. वरचे पाच लाख कंपनीच्या क्रेडिट सोसायटीतून किंवा थोडं थांबून उभे करा, गृहकर्ज काढू नका. भाडं 9,500 धरून, तसाच एक महिना रिकामा आणि सगळा खर्च काढून हाती 75,000 च्या आसपास राहतात, म्हणजे अडीच टक्के. हे फार नाही, तसं मी म्हणतही नाही. पण डोक्यावर गृहकर्जाचा हप्ता नाही, उद्या भाडेकरू गेला तर घरातली चूल अडत नाही, आणि निवृत्तीनंतर पेन्शनला ही भर लागते.

जुनं घर घेताना दोन गोष्टी खास नाशिकच्या आहेत. एक, पूर्णत्वाचा दाखला. गेल्या दशकात, कपाटांची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे परवानगी असलेल्या बांधकाम क्षेत्रात, धरायची का या वादावरून आपल्याकडे असंख्य इमारतींचे दाखले अडकले. घरात लोक वर्षानुवर्षं राहतात, दिवे लागतात, पाणी येतं, म्हणून दाखला असेलच असं धरू नका. पुढे विकताना तुमच्या गिऱ्हाइकाची बँक तोच कागद आधी मागते. दुसरी, पूररेषा. गोदावरीला पूर आला की आपण पात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला ते विचारतो. 2008, 2016 आणि 2019 ही वर्षं पंचवटीतल्या आणि सराफ बाजारातल्या कुणालाही विचारा. पण नासर्डी, वाघाडी या लहान नद्याही तितक्याच दगा देतात. नदीजवळचं घर असेल तर निळी आणि लाल रेषा नकाशावर बघा आणि तळमजल्यावरच्या शेजाऱ्याला विचारा की पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

शिवाय ती सोसायटी आहे की अपार्टमेंट तेही बघा. नाशिकमध्ये 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली झालेल्या इमारती पुष्कळ आहेत. तिथे सोसायटीच्या सभासदाला मिळतं ते शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा दस्त असतो. गृहनिर्माण सोसायटी असेल तर भाडेकरू ठेवला म्हणून ती बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) घेते, पण ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, 2001 पासून तसा शासनाचा आदेश आहे. मनाला येईल तो आकडा बिलात टाकणारे सेक्रेटरी मला भेटले आहेत. आदेशाची प्रत दाखवली की बिल सुधारून मिळतं.

आता बळकावण्याची भीती. ती कुठून आली ते समजण्यासारखं आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांमधे शंभर-दीडशे रुपये भाड्यावर तिसरी पिढी राहताना आपण पाहिली. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरू जात नाही, आणि पावसाळ्यात भिंत खचली की महापालिकेची नोटीस. ते भाडेकरू जुन्या भाडे कायद्याचे. तुम्ही देणार ते लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या वापर-परवानगीच्या कराराने, आणि त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 24 लागू होतं. मुदत संपली आणि माणूस निघाला नाही तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं फिरायचं काम नाही. त्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. लेखी करारात जे लिहिलंय ते तिथे निर्णायक पुरावा धरलं जातं.

मात्र हे सगळं कागद बरोबर असेल तरच. याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, जोवर उलट सिद्ध होत नाही. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड होऊ शकतो. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत 1908 च्या नोंदणी कायद्यातून आली. तिथे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची अट आहे. महाराष्ट्रात ती पळवाट 2000 सालापासून बंद आहे. 500 च्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद घेऊन निर्धास्त बसलेले मालक मला अजून दर महिन्याला भेटतात, आणि मला त्यांची खरोखर काळजी वाटते.

खर्च तरी किती? 9,500 भाडं, 11 महिने, 30,000 डिपॉझिट. एकूण भाडं 1,04,500 आणि डिपॉझिटवर वर्षाचं 10 टक्के मानीव व्याज 3,000, या बेरजेवर 0.25 टक्के. स्टॅम्प ड्युटी 270 रुपयांच्या आत. शहरात नोंदणी फी 1,000. आधार आणि अंगठा देऊन घरबसल्या होतं, एजंट घरी मशीन घेऊन येतो, त्याचे वेगळे द्यायचे. हे पैसे वाचवून काय मिळवायचं आहे? त्याच दिवशी भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन देऊन टाका आणि पावती करारासोबत ठेवा.

करारात मी काही वाक्यं हट्टाने घालते. वीजबिल कोण भरणार आणि न भरल्यास काय. खिळे, ड्रिल कुठे चालेल. घर सोडायची सूचना एक महिना आधी, दोन्ही बाजूंनी. आणि भाडं बँकेतच. वीजजोडणी तुमच्या नावावर राहणार, म्हणून महावितरणकडे तुमचाच मोबाइल नंबर नोंदवून ठेवा. थकबाकीचा मेसेज तुम्हाला आधी कळला पाहिजे. आणि कितीही राग आला तरी भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडायची नाही. कायद्यात त्यावर बंदी आहे, आणि घरात लहान मूल असतं हे विसरू नये.

माणूस निवडताना मी आडनाव विचारत नाही, काय शिजवता हेही विचारत नाही. नोकरीचं पत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आणि आधीच्या घरमालकाचा फोन. त्या मालकाला एकच प्रश्न विचारते: हे परत आले तर घर द्याल का? फोनवरचा माणूस किती वेळ थांबून उत्तर देतो त्यावरून सगळं कळतं. एकट्या राहणाऱ्या नर्स, बिहार-ओडिशाकडून आलेले तंत्रज्ञ, घटस्फोटित बाई आणि तिची आई, यांना नाशिकमध्ये दहा दारं बंद मिळतात. माझ्या वहीतले सगळ्यात वेळेवर भाडं देणारे भाडेकरू यांच्यातलेच आहेत.

भाड्याच्या व्यवसायात पैसा खरा जातो तो रिकाम्या महिन्यांत आणि पुढे ढकललेल्या दुरुस्तीत. हे मी 2013 साली शिकले. इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर एक कुटुंब होतं, तीन वर्षं एक दिवस भाडं चुकलं नाही. एप्रिलमध्ये त्या घरातल्या वहिनींचा फोन आला, ताई, बाथरूममध्ये नहाणीपाशी पाणी साचतंय, उतार बसल्यासारखा वाटतो. मी प्लंबर पाठवला. तो म्हणाला, ट्रॅपचा जोड सुटलाय, फरशी उकरून नवीन बसवावी लागेल, सहा हजार. शाळेच्या सुट्ट्या संपल्यावर बघू, असं मी म्हटलं. जुलैत खालच्या काकूंनी हाताला धरून त्यांच्या बेडरूममध्ये नेलं. छताला परातीएवढा तांबूस डाग, मधोमध रंगाचे पोपडे, आणि पंख्याच्या हुकावरून थेंब पडत होता पलंगावर. पलंग त्यांनी भिंतीकडे सरकवला होता आणि खाली पातेलं ठेवलं होतं. त्यांच्या पीओपीसह, वायरिंगसह काम 38,000 ला गेलं. फरशी उकरायला घेतल्यावर पंधरा दिवस बाथरूम बंद, म्हणून ते चांगलं कुटुंब ऑगस्टअखेर निघून गेलं. पुढे पितृपंधरवडा. त्या दिवसांत आपल्याकडे कुणी नव्या घरात भांडं हलवत नाही. घर घटस्थापनेपर्यंत रिकामं राहिलं आणि शेवटी दसऱ्याला नवीन माणूस आला. सहा हजारांची तक्रार मी ऐकून घेतली असती तर ते कुटुंब कदाचित अजून तिथे असतं. तेव्हापासून भाडेकरूने पाण्याची तक्रार केली की त्याच आठवड्यात माणूस जातो.

याच अनुभवावरून करार मे महिन्यात संपेल असा ठेवते. घर ऑक्टोबरमध्ये दिलं तर पहिला करार आठ महिन्यांचा करा, हरकत नाही. शाळा, बदल्या, कॉलेजचे प्रवेश हे सगळं मे ते जुलैत होतं, बघायला येणारेही तेव्हाच भरपूर. भाद्रपदात रिकामं झालेलं घर फार महागात पडतं. आणि चांगल्या भाडेकरूला दरवर्षी बाजारभावाने वाढवून मागू नका. पाच टक्के पुरे. बाजारात हजार रुपये जास्त मिळत असतील, तर एक महिना रिकामा गेला की ते हजार जवळजवळ वर्षभरासाठी संपले.

2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पंचवटीतल्या दोन ओळखीच्यांनी आत्ताच भाडेकरूंना घर खाली करायला सांगितलंय, पर्वणीच्या दिवसांत यात्रेकरूंना रोजाने देऊ म्हणून. मला हे पटत नाही. पर्वण्या मोजक्या. त्या गर्दीत नळ, संडास, लिफ्ट यांचं काय होतं हे 2015 ला पंचवटीत राहिलेल्यांना विचारा, आणि मेळा गेल्यावर तुमचा स्थिर भाडेकरू परत येत नाही.

निवृत्तीनंतर झेपेल का, याचं उत्तर किती घरं आणि किती लांब, यावर आहे. एक घर, तुमच्या राहत्या घरापासून दुचाकीवर वीस मिनिटांच्या आत असेल तर सहज झेपेल. एक खात्रीचा प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन, एक रंगारी, तिघांचे नंबर आणि तिघांचे पैसे त्याच दिवशी द्यायची सवय. ताबा देताना मी बादली आणि मोबाइलचा चार्जर घेऊन जाते. प्रत्येक प्लगला चार्जर लावून बघायचा, प्रत्येक नहाणीत बादलीभर पाणी ओतून किती वेळात जातं ते घड्याळात बघायचं, फ्लश, गिझर, खिडक्यांच्या कड्या. मीटरचं रीडिंग फोटोत, पाइप गॅस असेल तर त्याचंही. यादी दोन प्रतींत, दोघांच्या सह्या. घर सोडताना तीच यादी पुन्हा वाचायची आणि डिपॉझिट किल्ली हातात घेतानाच परत करायचं. रंगाची साधी झीज, सुकलेला वायसर, सैल झालेली बिजागरी यांचे पैसे कापू नका, तो घराच्या वापराचा भाग आहे. डिपॉझिट अडकवलेल्या मालकाचं नाव कंपनीच्या कँटीनमध्ये आठवड्यात फिरतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता घर बघायला निघालात की एक करा. घाई करू नका, जुलै येऊ द्या. दोन दिवस सलग पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी सकाळी जा. टॉप फ्लोअर असेल तर आधी गच्चीवर जाऊन पाणी कुठे साचलंय ते बघा, मग खाली या आणि बाथरूमच्या पलीकडच्या खोलीतली भिंत तळहाताने तपासा, जमिनीपासून दोन फुटांपर्यंत. तिथे हमखास कपाट उभं केलेलं असतं. मालकाला सांगून ते सरकवून घ्या.